ज्योत रोज बघणाऱ्या माणसाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कराडात गेली ३८ वर्षं मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. दिवाळी तोंडावर आली की तुमच्या पुरवणीत घर कसं आवरावं, पडदे कसे धुवावेत, पितळेची भांडी कशी उजळावीत हे येतं आणि ते मी वाचतो. पण ज्या शेगडीवर सगळा फराळ व्हायचा असतो, तिच्याबद्दल चार ओळी कधी वाचल्याचं आठवत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण शक्य असेल तर न कापता छापावं.

माझ्याकडं शेगडी येते ती बहुतेक वेळा घरच्या पुरुषाबरोबर. स्कूटरच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेली. मी विचारतो, काय होतंय? उत्तर ठरलेलं, "चालत नाही नीट." एक बर्नर का दोन्ही? माहीत नाही. ज्योत पिवळी का निळी? माहीत नाही. पेटवताना फट् असा आवाज येतो का, मंद केल्यावर विझते का? मग खिशातून फोन निघतो आणि घरी विचारणा होते. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी असाच फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. पलीकडून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "गणपतीपासून सांगतेय तुम्हाला, पातेली काळी व्हायलीत. डावीकडचा मोठा बर्नर. वास पण येतो थोडा, सकाळी पहिल्यांदा पेटवताना." एका दमात तिनं मला सगळं निदान सांगितलं. मी शेगडी उघडली तेव्हा बिघाड नेमका तिनं सांगितला तिथंच होता.

मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. शेगडी एका दिवसात बिघडत नाही. महिना-दोन महिने ती सांगत असते, आणि जो तिच्यापुढं उभा राहतो त्याला ते कळत असतं. आपल्याकडं ते माणूस म्हणजे बहुतेक घरांत बाई. तिनं सांगितलं की "होतंय काय त्याला, पेटतेय ना" असं म्हणून विषय संपतो. शेगडी दुकानात आणायचं ठरवणारा वेगळा, आणणारा वेगळा आणि रोज ज्योत बघणारं माणूस तिसरंच. यात वेळ जातो, गॅस जातो, आणि कधी कधी जीवावरही बेततं.

पिवळ्या ज्योतीचंच बघा. जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारा लहानसा पितळी तुकडा. त्याच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता बर्नरच्या नळीला बाजूला असलेल्या खिडकीसारख्या भोकातून हवा ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या टोपीवरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, टोकदार, शांत. हवा कमी पडली की पिवळी, लांबडी, डोलणारी, आणि पातेल्याच्या बुडाला काजळी. ती काजळी म्हणजे पुरता न जळलेला गॅस, तुम्ही पैसे मोजून आणलेला. भारतीय मानकाप्रमाणं चांगल्या शेगडीनं उष्णतेचा निदान ६८ टक्के भाग भांड्यापर्यंत पोचवला पाहिजे. काजळी धरणारी शेगडी त्याच्या जवळपासही राहत नाही.

हवा कशानं अडते? लोकांना वाटतं काहीतरी पार्ट गेला. त्या गृहस्थांच्या शेगडीची मिक्सिंग नळी मी काढली, वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि नळी त्यावर दोनदा आपटली. काळ्या, तिळाएवढ्या गोळ्या पडल्या, साधारण चमचाभर. बोटानं चिरडल्यावर आतून तपकिरी निघाल्या. भाकरीचं पीठ. त्यांच्या घरी रोज सकाळी बारा-चौदा ज्वारीच्या भाकरी होतात, आणि भाकरी तव्यावरून काढून थेट बर्नरवर शेकायची आपली पद्धत. प्रत्येक भाकरीबरोबर चिमूटभर पीठ टोपीच्या भोकांतून आत जातं, जळतं, चिकटतं. त्यावर कधी दूध उतू जातं, कधी भरताच्या वांग्याचं पाणी गळतं, आणि सगळं मिळून सिमेंटसारखं घट्ट होतं. घर काही दिवस बंद असेल तर नळीत कोळी जाळं करतो, ते एवढंसं जाळंसुद्धा हवा अडवायला पुरतं. झुरळांची अंडी मी किती काढली त्याचा हिशेब नाही. त्या शेगडीला मी एकही नवा पार्ट घातला नाही. धुतली, वाळवली, बसवली. भाकरी भाजू नका असं मी कोण सांगणार? फक्त जाळी ठेवून भाजा आणि आठवड्यातून एकदा टोपी काढून उलटी आपटा.

आता पिनेबद्दल. हे मी जरा कळकळीनं सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात ही चूक मी बघतो. रॉकेलच्या पितळी स्टोव्हवर आपल्या आई-आज्यांनी आयुष्य काढलं. रॉकेलची काजळी निपलात, म्हणजे रॉकेल सुटायच्या बारीक भोकात बसायची, म्हणून स्टोव्हला पिन मारावीच लागायची. पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली ती पिन घरोघरी खिळ्याला अडकवलेली असे. मी स्वतः मामांच्या हाताखाली हे काम शिकलो ते पिना विकत आणि पंपाचे वॉशर बदलतच. स्टोव्ह गेले, पण हाताची सवय राहिली. ज्योत बारीक झाली की लोक गॅसच्या जेटला सुई, सेफ्टी पिन, नाहीतर झाडूची काडी घालतात. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. त्याचं भोक कारखान्यात मापानं पाडलेलं असतं, मोठ्या बर्नरचं वेगळं, लहानाचं वेगळं. सुई दोन-चारदा फिरवली की भोक वाढतं, वाकडं होतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि ज्योत आधी बारीक होती ती आता पिवळी होते. असा वाढलेला जेट पुन्हा लहान करता येत नाही, बदलावाच लागतो. जेट खरंच तुंबला असेल तर काढून कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवावा, सकाळी फुंकून वाळवावा आणि उजेडाकडं धरून बघावा. भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. दोन्ही जेट एकदम काढले तर कुठला कुठल्या बाजूचा याची खूण करून ठेवा. अदलाबदल झालेल्या जेटच्या शेगड्याही माझ्याकडं येतात.

जेटवरूनच आणखी एक गोष्ट, जी आता वरचेवर बघायला मिळते. पुण्या-मुंबईला घरोघरी पाइपचा गॅस आला आहे. पाइपमधला गॅस वेगळा, सिलिंडरमधला वेगळा. पाइपचा हलका, त्याच्यात तेवढ्याच जागेत उष्णता कमी आणि दाबही कमी, म्हणून शेगडीचे जेट मोठे करावे लागतात. जोडणी देताना ते मोठे करून देतात. नंतर बदली होते, घर बदलतं, आणि तीच शेगडी सिलिंडरला जोडली जाते. माझ्या भाचीचं हेच झालं. पिंपरीहून सामान इकडं आलं, संध्याकाळी तिनं सिलिंडर लावला, चहाला पातेलं ठेवलं आणि काडी लावली. पातेल्याच्या दोन्ही बाजूंनी ज्योत वीतभर वर आली, पिवळीधमक. तिनं आधी रेग्युलेटर बंद केला, मग मला फोन केला. तिचा नवरा म्हणत होता, सिलिंडरला प्रेशर जास्त आहे, रेग्युलेटर बदलू. मी म्हटलं, रेग्युलेटरला हात लावू नका, जेट काढून घेऊन या. आणले तेव्हा त्यातून जवळजवळ दुप्पट जाडीची तार गेली असती एवढं भोक. जेटचा नवा जोड बसवला, शेगडी पूर्ववत. शहरातून गावाकडं जुनी शेगडी पाठवणाऱ्या मुलांनी, सुनांनी एवढं एक विचारावं: ही शेगडी पाइपवर होती का? उलट दिशेनंही तेच. सिलिंडरची शेगडी पाइपला तशीच जोडली तर ज्योत मिणमिणते आणि स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागतो.

शेगडी घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो तो, एक बर्नर का दोन्ही? एकच मंद असेल तर दोष त्या बर्नरचा, त्याच्या जेटचा किंवा खटक्याखालच्या कॉकचा. दोन्ही मंद असतील तर शेगडी बहुधा निर्दोष. नळी कुठं दुमडली आहे का, रेग्युलेटर पूर्ण उघडला आहे का, सिलिंडर संपत आला आहे का, ते बघा. थंडीत पहाटे, सिलिंडर संपत आलेला असताना ज्योत मंद होते, त्यात बिघाड नाही. गारठ्यात आतला द्रव गॅस हळू वाफ होतो, एवढंच. पण अशा वेळी लोक सिलिंडर आडवा करतात, काही जण उलटासुद्धा करतात, शेवटचा थेंब निघावा म्हणून. कृपा करून हे करू नका. सिलिंडर उभा असतो तेव्हा वरची वाफ नळीत येते. आडवा केला की द्रव येतो, आणि द्रवाची वाफ झाली की तो साधारण अडीचशे पट पसरतो. त्या गॅसला सांभाळायला ना रेग्युलेटर केलेला आहे ना बर्नर. अर्ध्या दिवसाच्या गॅससाठी एवढा धोका घ्यायला नको.

शेगडीचा फिरवायचा खटका घट्ट झाला की खोबरेल घालणं, हाही घरगुती उपाय. आत पितळेचा निमुळता कॉक असतो, त्याला उष्णता सोसणारं वेगळं ग्रीस लागतं. खोबरेल पहिल्या दिवशी छान फिरतं, शेगडी तापली की पातळ होऊन वाहून जातं, उरतं ते डिंकासारखं चिकटतं. मग लोक पक्कड लावून खटका फिरवतात, कॉक झिजतो आणि खटक्याच्या खालून गॅस झिरपायला लागतो. एका मावशींनी मला सांगितलं होतं की खटक्यापाशी निळी रेघ दिसते, काजव्यासारखी. घरातले म्हणत होते भास आहे. ती रेघ म्हणजे झिरपणारा गॅस पेटला होता. दोन दिवस ती शेगडी तशीच वापरात होती.

आणि वासाचं. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण एकाच जागी बराच वेळ राहिलं की नाक मरतं, वास जाणवेनासा होतो. म्हणून बाहेरून आलेली सून, शाळेतून आलेलं पोर, धुणंभांडी करायला येणाऱ्या ताई म्हणाल्या की गॅसचा वास येतोय, तर "मला तर येत नाही" हे उत्तर देऊ नका. हा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत, ओट्याखाली, कपाटात साठतो. बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, फ्रिजला हात लावायचा नाही, देवापुढचा दिवा लावलेला असेल तर तो आधी शांत करायचा. रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरच्या तोंडावर दोरीला लटकणारी ती प्लास्टिकची टोपी दाबून बसवायची, दारं-खिडक्या उघडायच्या आणि फोन बाहेर अंगणात जाऊन करायचा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. ती टोपी नको असलेली वस्तू समजून कापून टाकणारी घरं मी बघितली आहेत.

सिलिंडर बदलताना तोंडाच्या आत डोकावून बघा. काळी रबरी रिंग जागेवर आहे ना, चिरलेली नाही ना. नवा सिलिंडर लावल्यावर येणारी गळती पुष्कळदा तिथली असते, शेगडीची नव्हे. सिलिंडर आणणाऱ्या भावाला सांगा, समोर तपासून दे आणि वजनही करून दे. गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'बी-२७' असं काही रंगवलेलं दिसेल. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचा आकडा म्हणजे साल. त्या सिलिंडरची पुढची चाचणी तोपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका, परत करा, तो तुमचा हक्क आहे. गळती बघायची ती साबणाच्या फेसानं. काडी पेटवून बघणारी माणसं अजून आहेत.

नळीवरून मात्र मला एक तक्रार मांडायची आहे. आमच्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. त्यांच्याकडं दोन तरुण आले, गळ्यात कार्ड, हातात वही. "काकू, गॅसची तपासणी सक्तीची आहे." शेगडी उघडली, नळी संपलीय म्हणाले, नवी बसवली आणि ९०० रुपये घेऊन गेले. पावतीवर ना शिक्का ना फोन नंबर. काकूंनी मला जुनी नळी दाखवली. ती भगवी सुरक्षा नळी होती, आतून तारेची जाळी असलेली, तिच्यावर छापलेली मुदत अजून दोन वर्षं शिल्लक. आणि बसवून गेले होते ती साधी रबरी नळी, ना छाप ना तारीख, बोटानं दाबली तर चपटी होणारी. खरी सुरक्षा नळी एजन्सीत याहून कितीतरी कमी पैशांत मिळते. काकू मला म्हणाल्या, "मला ती मऊ लागली होती रे हाताला. पण पोरं एवढी खात्रीनं बोलत होती." त्यांच्या हाताला बरोबर कळलं होतं. अशी माणसं दारात आली तर कार्डावरचं नाव वाचा, दारातूनच आपल्या एजन्सीला फोन करा, तोवर आत घेऊ नका. एजन्सीचा खरा माणूस त्यावर रागावत नाही. नळीचं आयुष्य पाच वर्षं, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, आणि ओट्याच्या भोकातून किंवा शेगडीच्या पोटाखालून ती नेऊ नका. उंदीर साधी रबरी नळी आवडीनं कुरतडतो, म्हणून महिन्यातून एकदा तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवा.

धुण्याचं फार अवघड नाही. सिलिंडरवर बंद करा, शेगडी गार होऊ द्या. टोप्या आणि बर्नर साबणाच्या गरम पाण्यात तासभर भिजवा, दातांच्या जुन्या ब्रशनं घासा, उन्हात पूर्ण वाळवा. हे वाळवणं लोक विसरतात. ओला बर्नर बसवला की फडफडतो, ज्योत लालसर होते, आणि शेगडी धुतल्यावर बिघडली अशी तक्रार घेऊन लोक येतात. टोपी बसवताना खाचेत बसली का ते फिरवून बघा. वाकडी बसलेली टोपी एका बाजूनं जोरात जळते, दुसऱ्या बाजूनं जळतच नाही. कधी ज्योत मागं सरकून जेटपाशीच जळायला लागते, भुर्र असा आवाज येतो. तेव्हा लगेच बंद करा, टोपी बहुधा झिजलेली असते.

काचेच्या शेगड्या दिसायला सुंदर, पुसायला सोप्या. पण चकल्या-चिवड्याची मोठी कढई, बर्नरच्या तिप्पट रुंद, तासन् तास त्यावर ठेवली की कढईच्या बुडाची धग खाली काचेवर परतते. त्यातच तेल सांडलं म्हणून कुणी ओलं फडकं फिरवलं की काच बंदुकीसारखा आवाज करून फुटते आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्यांनी स्वयंपाकघर भरतं. काच कडक केलेली असते म्हणून ती अशी चुरा होऊन फुटते, कंपनीनं खोटी काच घातली असं नाही. फराळाला जुनी स्टीलची शेगडी घरात असेल तर तीच काढा. नसेल तर कढई लहान घ्या, दोन घाणे जास्त काढा, आणि काच गार झाल्याशिवाय पुसू नका.

शेगडी दुकानात न्यायची असेल तर, ती वापरणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा. येणं शक्य नसेल तर निदान चार ओळी लिहून आणा: कुठला बर्नर, कधीपासून, कुठल्या रंगाची ज्योत, कधी वास. माझ्या धंद्यातल्या सगळ्या भावांनाही विनंती, की गिऱ्हाईक घरून फोनवर बोलत असेल तर तो फोन आपल्या हातात मागून घ्या आणि पलीकडच्या बाईला स्वतः विचारा. ती अर्धं काम करून देते.

एक विनंती तुम्हालाही. हे पत्र छापायचं असेल तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी छापा. एकदा का कढई चढली की शेगडी उघडायला कुणालाच सवड नसते, आणि त्या आठवड्यात माझ्याकडंही नंबर लागलेले असतात.

आपला,
एक शेगडी दुरुस्ती कारागीर, कराड